जगाचं मन आणि सोनकुसरे सर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे ज्येष्ठ सदस्य माननीय भय्याजी हटवार, कलेक्टर कचेरीतल्या संगणक केंद्रातून सवड काढून आलेले तरुण अधिकारी श्री. नंदलाल बिसेन, मुख्याध्यापक महोदय, सत्कारमूर्ती लक्ष्मणराव सोनकुसरे सर, सौ. राधाबाई वहिनी, माझे सहकारी, पालक, माताभगिनी, आणि सतरंजीवर केव्हाची चुळबुळ करणारी माझी विद्यार्थी मंडळी,

मी मराठीचा मास्तर. विज्ञानाच्या शिक्षकाला निरोप द्यायला मराठीच्या मास्तराला उभं करणं म्हणजे वऱ्हाड्यांनी भटजीला घोड्यावर बसवण्यातला प्रकार. पण सरांनीच सांगितलं, दुसरं कोणी नको, तुम्हीच बोला. का सांगितलं, ते पुढे येईलच. जरा धीर धरा. माइक शिट्टी मारतोय, त्यालाही कोणीतरी समजवा.

सर आपल्या भंडाऱ्यातल्याच विणकराच्या घरचे. वडील मागावर, मुलगा फळ्यासमोर. सरांनी शिकवलेला ओहमचा नियम विसरलेला विद्यार्थी सापडेल, पण सरांचा मार विसरलेला सापडणार नाही, कारण सरांनी कधी मारलंच नाही. हसा, हसा. आज थोडं हसून घ्या.

त्र्याऐंशी सालानंतर सरांना एक वेड लागलं, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. संगणकाचं वेड. त्या वेळी आपल्यापैकी कोणी संगणक डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. सर नागपूरहून मासिकं आणायचे आणि शनिवारच्या विज्ञान मंडळात सांगायचे, की परदेशात एका यंत्राला दुसरं यंत्र तारेनं जोडताहेत. उद्या हजारो जोडली जातील, परवा सगळ्या पृथ्वीवरची. आणि मग, मुलांनो, या सगळ्या यंत्रांचं, त्यांच्यामागे बसलेल्या माणसांचं मिळून एकच मन होईल. जगाला जाग येईल. मुलं विचारायची, म्हणजे काय सर? सर म्हणायचे, माझे वडील मागावर बसत, तेव्हा शेकडो धाग्यांतला एक तुटला तरी त्यांचा हात आपोआप थांबायचा. तसं जग थांबेल. एक माणूस कुठं हरवला, कुठं रडला, तर ते सगळ्यांना कळेल.

स्टाफ रूममध्ये आम्ही त्यांची काय कमी फिरकी घेतली? आमचे पीटीचे सर म्हणायचे, "म्हणजे मले ठेच लागली तं अमेरिकेतला माणूस आई गं म्हनन का जी?" आणि सर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "हो, म्हणेल." आम्ही पोट धरून हसायचो. इतक्या शांत, हिशेबी माणसाला पन्नाशी उलटल्यावर हे खूळ कुठून लागलं, असा प्रश्न मात्र कोणालाही पडला नाही.

अध्यक्ष महोदय, आता मी जे सांगणार आहे, ते निरोप समारंभात कोणी सांगत नाही. मागच्या रविवारी सर आणि वहिनी माझ्या घरी आले. म्हणाले, आमच्या तोंडून हे निघणार नाही, तुम्ही शब्दांचे मास्तर. माझे गुण गाऊ नका, एवढं एक सांगा. सर समोर बसले आहेत. मान हलवून हो म्हणताहेत. तेव्हा सांगतो.

सरांची एकुलती एक मुलगी विजयमाला आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. तिचं लग्न बालाघाटला मामाकडे झालं आणि ती तिकडेच नांदते, असं आपण सगळे समजतो. लग्नाला बोलावलं नाही म्हणून आपण रुसलोही. दर दिवाळीला कोणी ना कोणी म्हणायचं, "सर, लग्नाचं जेवण अजून बाकी आहे बरं का!" सर हसून म्हणायचे, "देऊ, देऊ."

मंडळी, लग्न झालेलं नाही. विजयमाला मामाकडे गेलेली नाही. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गोंदियाची मंडळी तिला पाहायला येणार होती. तिला इतक्यात लग्न नको होतं, शिकायचं होतं. घरात बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टायपिंगच्या क्लासला म्हणून निघाली आणि परत आली नाही. आजतागायत नाही.

पोलिसांत जावं तर गावभर होणार. पाहुणे काय म्हणतील? पोरीच्या नावाला बट्टा लागेल, परत आली तरी तिचं लग्न कसं होईल? आपल्यापैकी कोणाच्या घरात याहून वेगळा विचार झाला असता, छातीवर हात ठेवून सांगा. सरांनी पाहुण्यांना तार केली, मुलगी आजारी आहे. शेजारी सांगितलं, मामाकडे गेली. स्वतः गुपचूप नागपूर, रायपूर, जबलपूरची स्टेशनं धुंडाळली. आज येईल, उद्या येईल असं करता करता मामाकडे गेलेल्या मुलीचं लग्नही तिकडेच झालं, असं सांगावं लागलं. राधाबाई वहिनी तिळसंक्रांतीला वाण घेऊन बायकांमध्ये बसायच्या आणि नसलेल्या जावयाच्या गोष्टी सांगायच्या. घरी येऊन काय करत असतील?

आणि सर मासिकं वाचत बसले. जगाचं मन जागं होईल आणि त्या मनाला आपली लेक कुठं आहे हे ठाऊक असेल. आपण ज्याला खूळ म्हणत होतो ना, ते एका बापाचं वाट पाहणं होतं हो!

मागच्या वर्षी कलेक्टर कचेरीच्या गच्चीवर उपग्रहाशी बोलणारी ती मोठी तबकडी बसली आणि खाली बिसेन साहेबांचं यंत्र आलं. सर मुलांची सहल घेऊन गेले. मुलं परतली, सर थांबले. पुढचं बिसेन साहेबांनी मला सांगितलं. सरांनी विचारलं, "हे देशातल्या सगळ्या जिल्ह्यांना जोडलंय ना? मग एक नाव विचारून पाहता?" साहेब म्हणाले, "सर, याच्यात सध्या धानाचे, पावसाचे आकडे आहेत. जे कोणी भरलं असेल, तेवढंच याला माहीत." आणि मग अगदी सहज, काही कल्पना नसताना विचारलं, "तुम्ही हे नाव कुठं नोंदवलं होतं का?" सरांनी टेबलावरचा आपला रुमाल उचलला, घडी घातली आणि निघाले. बिसेन साहेब, डोळे पुसा. तुमचा काय दोष?

याच्यातूनही सर सावरले असते. पण या माघात अड्याळला एका लग्नात त्यांच्या ओळखीच्या सत्यभामाबाई भेटल्या. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "विजयमाला बरी हाय का जी? तिले मी पाह्यली होती तवा उन्हाळ्यात पवनीच्या येष्टीत. लय रडून राह्यली होती. मी अड्याळले उतरली, ते पुढं गेली. मंग बाजाराच्या दिवशी भंडाऱ्यात आली तं राधाबाईले इचारलं, त्या म्हनल्या मामाकडे गेली. मले वाटलं, असन एखादा मामा तिकडंबी. मोठ्या मानसाईले जास्त कसं इचारावं?"

बालाघाट उत्तरेला. पवनी दक्षिणेला. बाईला शंका आली होती आणि सरांच्याच घरच्या उत्तरानं ती मिटली. त्या आठवड्यात कोणी अड्याळला, पवनीला चार माणसं पाठवली असती तर? सर मला म्हणाले, "मी जगाच्या मनाची वाट पाहत बसलो हो. आणि गावाला मन होतं, डोळे होते, जीभ होती. मीच त्याला खोटं सांगून गप्प केलं." आणि वहिनी, ज्या इतकी वर्षं कधी मोठ्यानं बोलल्या नाहीत, त्या माझ्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "भाऊजी, गाय हरपली तं लोक दवंडी देतेत. आमची पोर हरपली अन् आमी दार लावून बसलो." माझ्या घरातलं कोणी त्या दिवशी जेवलं नाही.

म्हणून आज, सरांच्या वतीनं, या माइकवरून सांगतो. विजयमाला लक्ष्मणराव सोनकुसरे. रंगानं सावळी, उंच, डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण. त्या दिवशी पोपटी साडी होती. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. जिवंत असेल तर आता पंचविशीची असेल. जिवंत असेल तर, हे शब्द सरांनीच सांगायला सांगितले, माझे नव्हेत. कोणी तिला पाहिलं असेल, कधीही, कुठंही, तर सांगा. तेव्हा का नाही सांगितलं, असं तुम्हाला कोणी विचारणार नाही. तिचं लग्न झालं असेल, कोणाशीही झालं असेल, तरी सांगा. तिला यायचं नसेल तर नको येऊ दे, सुखात आहे एवढं कळलं तरी पुरे, हेही सरांचेच शब्द. उद्यापासून दोघं पवनीच्या रस्त्यावर गावोगाव विचारत जाणार आहेत. सुरुवात त्यांना आपल्यापासून करायची होती.

अध्यक्षांनी मला इतका वेळ दिला, आपण सर्वांनी चुळबुळ न करता ऐकलंत, मुलांनीसुद्धा, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. सत्काराच्या प्रसंगी दुःखाचं बोललो. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या.

शेवटी एकच विनंती. सर आणि वहिनी आता दाराशी उभे राहतील. हार नको, पुष्पगुच्छ नको. ज्यांना काही माहीत असेल त्यांनी सांगावं. ज्यांना काहीच माहीत नसेल, त्यांनीही तसंच मान खाली घालून निघून जाऊ नये. प्रत्येकानं दोघांसमोर थांबावं आणि विचारावं, मुलगी कुठं असते? विचारायला जड जाईल, तरी विचारा. आजवर या प्रश्नाला त्यांनी हसून उत्तर दिलं. आज त्यांना तुमच्यासमोर रडून 'माहीत नाही' म्हणायचं आहे.