भट्टीच्या दाराला हात लावायचा नाही

माझं माहेर गासचं, सासर निर्मळचं, दोन्ही वसईतलीच गावं, दोन्हीकडे केळीची वाडीच, म्हणजे एका चिखलातून उठले नि दुसऱ्या चिखलात जाऊन बसले, लग्न म्हणून एवढंच झालं. शाळा सातवीपर्यंत, पण तोरा असा की जणू कलेक्टरीण. हसू नका, लिहून घ्या. हे मुंबईला कारकुनी करायचे, वाडी धाकटा दीर बघायचा, आणि सासूबाई घरापुरती सुकेळी करायच्या. राजेळी केळं पिकवायचं, सोलून उन्हात मांडवावर घालायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, दुसऱ्या दिवशी परत ऊन, असं करता करता ते मधासारखं होतं, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायचं. सासूबाई गेल्या आणि मी म्हटलं, घरापुरतं कशाला, विकू या. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. विकलं, आणि खपलंही. खाडीकडच्या बायका कामाला ठेवल्या, मुंबईचे दुकानदार माझं नाव घेऊन माल मागू लागले, आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच.

काय सांगू तुम्हाला, सगळं मीच करायची. घड निवडायची मी, ढग आला का बघायची मी, बांधलेल्या पुडीची गाठसुद्धा मी ओढून बघायची. सोलायला बसलेल्या बाईला शिंक आली तरी आधी माझ्याकडे बघायची, शिंकू का म्हणून. आणि भट्टी तर माझं देवघरच. भट्टी म्हणजे मातीची खोली, खिडकी नाही, आत घड रचायचे, गोवऱ्यांचा धूर कोंडायचा, दार शेणामातीनं लिंपून टाकायचं. केळं कधी पिकलं हे नाकानं आणि बोटानं ठरवायचं, एक दिवस इकडे तिकडे झाला तर माल गेला. ते नाक माझं. दुसऱ्या कोणाला देवानं नाक दिलंच नाही, असं मला वाटायचं.

माझी धाकटी जाऊ मंदा, गरीब, खाली बघून बोलणारी. एकदा मी माहेरी गेले, आईला बरं नव्हतं, यायला उशीर झाला, तर हिनं भट्टी उघडली. माल कसा निघाला म्हणाल, तर सोन्यासारखा. माझ्याहून चांगला. आणि मी काय करावं, तो सगळा माल म्हशींपुढे घातला. म्हशी खूश, मंदा नुसती उभी. मग सगळ्या बायकांसमोर मी बजावलं, यापुढे मी सांगितल्याशिवाय दाराला कोणी हात लावायचा नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. त्या दिवसापासून मंदा धंद्याचं अक्षर बोलली नाही. नुसती बघायची. तिचं ते बघणं मला आवडायचं नाही, पण मी म्हटलं, बघू दे.

पुढे एका उन्हाळ्यात तो दिवस आला. सकाळपासून वारा नव्हता, समुद्राकडून झुळूक नाही, केळीचं पान हलत नाही. कावळेसुद्धा गप्प होते. दुकानदाराचा टेम्पो यायचा होता, मला घाई. एरवी लिंपण फोडलं की अंगण झाडून होईपर्यंत दार उघडं ठेवायचं, धूर जाऊ द्यायचा, मग आत जायचं, ते सासूबाईंनी शिकवलेलं. मी तशीच शिरले. आणि मंदा अंगणात बसलेली, मी कुठलं केळं दाबते ते तिला दिसू नये म्हणून दार आतून ओढून घेतलं. जोरात ओढलं. बाहेरची कडी खाली पडली, तो आवाज मी ऐकला, पण तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

मग डोकं जड झालं, पाय कापसाचे झाले, मी दाराशी बसले. हाक मारावी तर घशातून आवाज निघेना. मी दारावर थाप मारली. बाहेर हिरा, आमच्या बायकांत मोठी, तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, वयनी ठोकतान. तर हिरा म्हणते, आपल्यावर रागावल्यान, हात चालवा. आणि खरंच गं बाई, सोलण्याचा हात जोरात चालू झालेला मला आतून ऐकू आला. मी परत थाप मारली. कुणीतरी म्हणालं, दार उघरू काय. हिरा म्हणाली, वयनींनी सांगतल्याबिगर दाराला हात लावायचा नाय, त्या सांगतील तवा उघरू. मी आत मरतेय, आणि बाहेर माझ्याच हुकमाची वाट बघतायत. माझ्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही.

मग बांगड्या आल्या. मंदाच्या काचेच्या बांगड्या मी ओळखते. त्या दाराशी आल्या, आणि थांबल्या. कडीला हात लागला, कडी जराशी वाजली, परत गप्प. किती वेळ ते मला विचारू नका. मी आत, ती बाहेर, मधे एक फळी. तिचा श्वास मला ऐकू येत होता, तर माझा तिला येतच असणार.

मग कडी उघडली आणि मी तिच्या पायावर पडले.

वाचले, पण नाक गेलं. डॉक्टर म्हणाले येईल, आलं नाही. तरी मी लबाड, भट्टीत जाऊन केळं नाकाला लावून मान हलवायची, जणू कळतंय. मंदाला पहिल्याच दिवशी कळलं. शेवटी भट्टीची किल्ली दिली तिला, आणि ओटीवर बसून दर घटकेला विचारायची, झालं का, बघितलंस का, उद्या उघडशील ना. ती आली, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाली, एक तर तुम्ही करा, नाहीतर मला करू द्या. तिचा एक माल आंबला, तेव्हा मी मशेरी लावत बसले, तोंड बंद राहावं म्हणून. हिराला सांगितलं, ढग आला तर मला विचारू नका, माल उचला. तरी पहिल्या ढगाला आलीच विचारायला. मी झोपेचं सोंग घेतलं, घोरलेसुद्धा. गेली बिचारी, आणि उचलला माल. किलकिल्या डोळ्यांनी बघत होते मी. पाऊस आला नाही, ऊन फुकट गेलं, पण मी काही बोलले नाही. ते न बोलणं शिकायला मला केळी लावण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

पुढे धंदा मंदानंच वाढवला, आता तिची सून बघते. आम्ही दोघी म्हाताऱ्या, तिला दिसत नाही, मला वास येत नाही, दोघी मिळून एक धड बाई होते. परवा चहा पिताना ती म्हणाली, जाऊबाई, त्या दिवशी दाराशी मी. मी म्हटलं, चहा निवतोय. ती म्हणाली, नाही, मला सांगू द्या. मी म्हटलं, उघडलंस ना, मग पी.

देव तिला उदंड आयुष्य देवो. मी आधी जाणार, आणि मागचं सगळं तीच करणार आहे, कोणाला बोलवायचं, काय नेसवायचं, सगळं. तिला सांगून ठेवलंय, मला विचारायला यायचं नाही.