ताटावरचं नाव

जबाब, ता. १२ डिसेंबर १९७३, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

नाव अंजनाबाई सुखदेव चहांदे, वय ४२ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा कॉलेजच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये ताटे धुणे (सोमवारपासून कामावरून बंद), राहणार इंदोरा, नागपूर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझा नवरा चार वर्षांपूर्वी वारला. मला एकच मुलगी, शामला, वय १९, ती दुसऱ्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या कॉलेजकडून खो-खो खेळते. माझ्याविरुद्ध रुपराव महादेव तितरमारे, शेतकरी, राहणार कुही, यांनी तक्रार दिली आहे की रविवारी मैदानावर लाउडस्पीकरवरून मी त्यांची बदनामी केली. त्याबद्दल हा जबाब आहे.

हा दुसरा कागद आहे. पहिल्या कागदावर देवाजी हवालदारांनी ‘प्रेक्षकांनी काही अनुचित घोषणा दिल्या’ असं लिहिलं होतं. त्यांना वाटलं ताटं धुणारी बाई आहे, तिले काय वाचता येते. मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचलं. मी म्हटलं, साहेब, घोषणा पुढारी देतात. मैदानावर पोरं जे ओरडली ते जसंच्या तसं लिहा, नाही तर मी बोलतच नाही. ते म्हणाले, ‘बाई, तसं लिहायची पद्धत नाही.’ मी म्हटलं, तीन हजार लोकांत ओरडायची पद्धत आहे आणि लिहायची नाही, हे कसं काय गा भाऊ. मग त्यांनी नवीन कागद घेतला. आता मी बोलून राहिली तसं ते लिहून राहिले आहेत.

सामना रविवारी, ९ तारखेला, सकाळी साडेदहाला होता. यजमान कॉलेज म्हणजे जिथं मी काम करते तेच. समोर शामलाचं कॉलेज. या सामन्यातून विद्यापीठाची टीम निवडायची होती आणि ती टीम येत्या शनिवारी जबलपूरले जाणार आहे. शामलाचं नाव त्या यादीत पहिल्या पाचात होतं, हे तिच्या गेम टीचर कुसुमताई यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी अकरा वर्षांत रविवारी सुटी घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. पोरीचा खेळ मी कधी पाहिला नव्हता.

मैदानाच्या फाटकाजवळ काळ्या फळ्यावर खडूनं तीन नियम लिहिले होते. एक, खेळाडूंनी पंचांशी किंवा प्रेक्षकांशी वाद घालू नये. दोन, प्रेक्षकांनी सभ्यतेने वागावे. तीन, दोरीच्या आत कोणी येऊ नये, खेळाडूचे नातेवाईक आत आल्यास त्या खेळाडूवर कारवाई होईल. मी ते उभी राहून वाचले. मले चांगले वाटले नियम.

आदल्या दिवशी, शनिवारी, शामला मेसच्या मागच्या दाराशी घराची किल्ली द्यायला आली होती. खेळाचे कपडे घालून आली होती. वसतिगृहाच्या पोरांनी तिथं पाहिलं की ही ताटंवालीची पोरगी. मले ते तेव्हा समजलं नाही. मी मागच्या मोरीवर असते. ताटं भिंतीतल्या खिडकीतून येतात, धुतली की त्याच खिडकीतून जातात. पोरांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत.

खेळ सुरू झाला तेव्हा यजमानांच्या पोरी पाठलागावर होत्या आणि शामलाच्या बाजूच्या तिघी पळत होत्या. त्यात शामला. ती मैदानात उतरल्याबरोबर दोरीच्या पश्चिमेकडून ओरडणं सुरू झालं. पन्नास-साठ पोरं असतील. ते असं, पूर्ण लिहावं: ‘उष्टं आलं, उष्टं आलं, ताट चाटून मोठं झालं.’ ती खांबाजवळून वळली की पुन्हा तेच. पहिल्यांदा मले वाटलं दुसऱ्या कोणाले म्हणत असतील. मग एकानं तिचं नाव घेतलं.

इथं मला एक सांगायचं आहे, ते खटल्याचं नाही असं हवालदार म्हणतात, तरी लिहावं. छप्पन साली दीक्षा झाली त्या दिवशी माझ्या सासूनं गावातून शिळं मागून आणायची टोपली चुलीत घातली. शामला तेव्हा दोन वर्षांची होती. तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्याच्या ताटातलं आलं नाही. मेसमध्ये रोज पाटीभर पोळ्या उरतात. अकरा वर्षांत मी एक पोळी पदरात बांधून नेली नाही. भूक होती तेव्हाही नाही. माझ्या पोरीचं एक-एक हाड माझ्या चुलीवरच्या भाकरीचं आहे.

कुसुमताई दोन वेळा पंचांकडे गेल्या. पंच म्हणाले, ‘पोरं आहेत हो मॅडम, तरुण रक्त आहे, तुम्ही खेळाकडे लक्ष द्या.’ शामला एका शब्दानं बोलली नाही. नियम एक. तिच्या सोबतच्या दोघी बाद झाल्या, ती पळतच होती. मी आयुष्यात असं पळताना कोणाले पाहिलं नाही. माझ्या बाजूची एक अनोळखी बाई म्हणे, कोणाची आहे वं ही पोरगी. मी म्हटलं, माझी.

मग पोरांनी ताटं काढली. वसतिगृहात प्रत्येक पोराचं घरून आणलेलं स्वतःचं स्टीलचं ताट असते, ती ताटं मेसमधून सोबत घेऊन आले होते, ती चमच्यांनी बडवायला लागले. तीच ताटं शनिवारी सांजेले मी राखेनं घासून पुसून खिडकीत ठेवली होती. त्या आवाजात पाठलागवाली कुठून येते हे पळणाऱ्या पोरीले ऐकू येत नाही. शामला बाद झाली. बाद झाल्यावर तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या पोरीनं कधी मान खाली घातली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी दोरी ओलांडली, हे खरं आहे. मी पश्चिमेकडे गेले आणि सगळ्यात पुढं जो बडवून राहिला होता त्याच्या हातातलं ताट घेतलं, हे खरं आहे. ताट त्याच्या डोक्यात मारलं असं म्हणतात, हे साफ खोटं आहे. मारायचंच असतं तर ताट कशाले पाहिजे, मले हात आहेत. ताट घेऊन मी पंचांच्या टेबलाकडे गेले, तिथल्या माणसाच्या हातून माईक घेतला आणि ताटाच्या मागं कोरलेलं नाव वाचलं. बोलले ते असं: ‘रुपराव महादेव तितरमारे, मुक्काम कुही. हा पोरगा माझ्या पोरीले उष्टं म्हणून राहिला. याचं उष्टं अकरा वर्षं मी धुतलं. आता याले विचारा, ताट कोणी चाटलं.’ एवढंच बोलले. माईक ठेवून दिला.

अकरा वर्षं ही चूक आहे, तो पोरगा यंदाच आलेला आहे असं मला आज समजलं. आणि दुसरी चूक मोठी आहे. ताटावरचं नाव त्याचं नव्हतं, त्याच्या बापाचं होतं. शामला मॅट्रिक झाली तेव्हा मी तिले ताट घेतलं, त्यावर तिचं नाव कोरून घेतलं. मले वाटलं ज्याचं ताट त्याचंच नाव. यांच्याकडं बापाचं नाव कोरतात. ताट मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवलेलं आहे, आत्ताही त्यावर तेच नाव आहे.

रुपरावजी रविवारी कुहीले आपल्या खळ्यावर धान चुरून राहिले होते. सोमवारच्या बाजारात त्यांना लोकांनी विचारलं की नागपुरात पोरींच्या खेळात तुम्ही काय करून राहिले होते. चारचौघांत त्यांची मान खाली गेली. आज ठाण्यात बाकावर ते आणि त्यांचा मुलगा गोविंदा बसलेले आहेत. त्यांनी मला विचारलं, ‘बाई, माह्या नावाले तुमी काहून हात घातला? मी तुमचं काय केलं?’ ते माणूस म्हणून वाईट दिसत नाहीत.

सामना दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू झाला. शामलाची बाजू हरली, त्याचं मी काही म्हणत नाही, खेळात हारजीत असतेच. यजमानांच्या पोरींनी काही वावगं केलं नाही. त्यांची कप्तान शामलाले पाणी देऊन गेली.

सोमवारी मला कामावर येऊ नको सांगितलं. मंगळवारी शामलाचं नाव यादीतून काढलं, कारण नियम तीन. मी विचारलं, नियम दोन अर्धा तास मोडून राहिले होते, त्यातलं कोण बाद झालं? यजमान कॉलेजच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, निवडीची यादी त्यांच्याकडंच आहे, सांगितलं की प्रेक्षकांचा बंदोबस्त करता येत नाही, खेळाडूंचा करता येतो. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच. माझी पोरगी चार वर्षं पायात काटे मोडून धावली, बोलायचं तिथं तोंड दाबून राहिली, आणि बाद तीच.

बडे बाबूंनी आज टाइप केलेला माफीनामा आणला आहे. त्यावर मी सही केली तर शामलाचं नाव आजच्या आज परत लिहितील आणि ती शनिवारी जबलपूरच्या गाडीत बसेल. त्यात असं आहे की मी भावनेच्या भरात गैरवर्तन केलं, मैदानाची शिस्त मोडली, श्री. रुपराव यांची बदनामी केली. मी खरं सांगते, मी पेन हातात घेतला होता. पोरीसाठी मी नाक घासायलाही तयार आहे. शेवटची ओळ अशी होती: ‘वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी कोणतेही अपशब्द वापरले नाहीत.’ मी पेन ठेवून दिला. मले रडू आलं, तेही लिहा, लपवायचं काही नाही. शामला बाहेर व्हरांड्यात उभी आहे. तिले मी अजून विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

माफी मी मागते, पण माझी. ती अशी लिहून घ्यावी: रुपराव महादेव तितरमारे यांनी माझ्या मुलीला काहीही म्हटलं नाही, ते मैदानावर नव्हते, त्यांचं नाव मी चुकीनं घेतलं, त्याबद्दल मी हात जोडून त्यांची माफी मागते. माझ्या मुलीला उष्टं म्हणणारा आणि तिच्यासमोर ताट बडवणारा त्यांचा मुलगा गोविंदा रुपराव तितरमारे आहे. सोबत अजून पन्नास-साठ होते, त्यांची ताटं माझ्या हातात आली नाहीत. ही माफी पाहिजे तर कॉलेजनं फळ्यावर लावावी. लावली तर पूर्ण लावावी.

येथपर्यंतचा जबाब हवालदारांनी सर्वांसमोर मोठ्यानं वाचला.

पुरवणी, त्याच दिवशी, ५ वाजून २० मिनिटे. वाचन झाल्यावर रुपरावजींनी पश्चिमेकडच्या पोरांनी जे ओरडलं ती ओळ पुन्हा वाचायले सांगितली. हवालदारांनी ती पुन्हा वाचली. रुपरावजींनी मुलाले विचारलं, ‘हे तू म्हटलं का गा?’ गोविंदा म्हणाला, ‘सगळेच म्हणत होते, बाबा.’ रुपरावजींनी टेबलावरचं ताट पालथं करून पाहिलं. मग म्हणाले, ‘सगळ्यांच्या हाती माह्या नावाचं ताट नव्हतं.’ आणि आपली तक्रार मागे घेतो असं त्यांनी हवालदारांना सांगितलं.

त्यावर बडे बाबू म्हणाले की तक्रार नाही तर प्रकरणच नाही. हा जबाब फाडून टाकला, कागदावर काही राहिलं नाही, तर माफीनाम्याचीही गरज नाही, शामलाचं नाव आत्ता परत येईल. हवालदारही म्हणाले, ‘बाई, सोन्यासारखा सौदा आहे, पोरीचं कल्याण पहा.’ मी म्हटलं, पोरीचं आहे, पोरीलेच विचारते. तिले आत बोलावलं आणि जबलपूरचं, कागदाचं, सगळं सांगितलं. तिनं जबाब आणि माफीनामा, दोन्ही कागद हातात घेऊन उभ्यानं शेवटपर्यंत वाचले. पुष्कळ वेळ लागला. मग तिनं हवालदारांना विचारलं, ‘तुम्ही फाडलं तर हे झालंच नाही असं होईल का?’ हवालदार म्हणाले, ‘तसंच समजायचं.’ शामला म्हणाली, ‘मग फाडू नका.’

बडे बाबू निघून गेले आहेत.

मी बोलले तेच यात आहे, दोनदा वाचून झालं, कमी-जास्त काही नाही, एकही ओळ गाळायला माझी संमती नाही. साक्षीदार म्हणून माझ्या मुलीनं खाली सही केली आहे. तिच्या नावापुढे हवालदारांनी धंदा ‘विद्यार्थिनी’ लिहिला होता, तो तिच्या सांगण्यावरून दुरुस्त केला.

सही: अंजनाबाई सुखदेव चहांदे

साक्षीदार: शामला सुखदेव चहांदे, वय १९ वर्षे, धंदा खो-खो खेळाडू, राहणार इंदोरा, नागपूर.