रविवारचा माईक

—अहो सरलाताई, बंद कशाला केलात? वाजू द्या की. काकांना तेवढाच विरंगुळा. पण हा रेडिओ आला कुठून? मागच्या शुक्रवारी तर नव्हता. नवाकोरा दिसतोय, वर प्लास्टिकसुद्धा तसंच आहे. — हां, तुम्ही टाका चहा, मला काही घाई नाही, मी बसतो इथेच उशाशी. नमस्कार काका. उशीर झाला, उधन्याचं रेल्वेफाटक पडलं होतं, भेस्तानला यायचं म्हणजे ते फाटक नशिबातच लिहिलेलं. बरे आहात ना? — दोन टिचक्या. छान. आणि हा रेडिओ? जावयांनी आणला? — एक. म्हणजे नाही. मग मंडळाच्या लोकांनी? — तेही नाही. मग... योगेंद्रने? — दोन.

बरं. हो म्हणजे हो. चांगला आहे. रंग जरा भडक आहे, पण चांगला आहे.

म्हणजे तो येतो इथे. मला बोलला नाही. आणि त्यालाही टिचक्या कळतात? — दोन. वा. नाही, वाईट काय त्यात, कुणालाही कळतील, एक नाही, दोन हो, त्यात काय मोठं शास्त्र आहे! पण काका, तो झटका आला, वाचा गेली, उजवं अंग गेलं, डॉक्टर म्हणाले आता बोलणं विसरा, तेव्हा याच खाटेशी बसून मीच म्हटलं होतं ना — काका, डावा हात तर आहे, तबल्यातला डग्ग्याचा हात तर आहे, खाटेच्या लोखंडावर वाजवा आणि माझ्याशी बोला. ती आपल्या दोघांची भाषा होती. मला वाटायचं, आपल्या दोघांचीच आहे. जाऊ द्या. तुम्ही एक बोट उचललंत, म्हणजे आठवडा सांग. सांगतो. त्यासाठीच तर येतो.

रविवारी ऑर्केस्ट्रा. नवागाममध्ये, शाळेच्या पटांगणात. गर्दी विचारू नका, मंडपाबाहेर सायकली, चहा-भज्यांच्या लाऱ्या, बायका ओट्यांवर चढलेल्या. दिवसपाळीवाले थेट कारखान्यातून आलेले, केसांत अजून कापसाची फुलं. गाणारी चंचल म्हणून कुणी मुलगी होती, आवाज गोड, पण तालाला कच्ची, तुम्ही असता तर दुसऱ्या कडव्यालाच मान फिरवली असतीत. ढोलकीवाला मात्र चांगला. आणि निवेदन... निवेदन योगेंद्रने केलं. मी पांढरा शर्ट इस्त्री करून गेलो होतो हो. आपल्या मंडळाच्या सुकदेवभाऊंनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला — तो हात ठेवला ना, तेव्हाच मी समजलो — म्हणाले, ‘कुंदन, आज तू पुढच्या खुर्च्यांचं बघ, साहेब बोलतील.’ साहेब! प्रोसेसिंग मिलच्या लॅबमध्ये कापडाचे रंग तपासतो, स्कूटर आहे, अमरावतीकडून येऊन दोन दिवाळ्या झाल्या नाहीत, की झाला साहेब. आणि बोलतो काय? ‘रसिकहो!’ नवागाममध्ये, काका — रसिकहो! मी इतकी वर्षं ‘मंडळी’ म्हणतो, मंडळी म्हटलं की मागचा माणूससुद्धा मान वर करतो. मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. टाळ्या वाजवल्या. आपलेच लोक! चहावाला दगाभाऊ तेवढा लारीवरून ओरडला, ‘काय रे कुंदन, तुनी खुर्ची कथी गई रे भो?’ मी म्हटलं, दुसऱ्यांच्या खुर्च्या लावतोय, दिसत नाही का? सुषमा शेजारीच होती. हसली. माझ्या उत्तराला नाही, दगाभाऊच्या प्रश्नाला.

सोमवारी मी कुठे गेलो नाही. डोकं दुखत होतं.

मंगळवारी रक्तदान शिबिर, मंडळाच्या खोलीत. मी नाक्यावरच्या फळ्यावर आधी आठ दिवस लिहून ठेवलं होतं — रक्त हीच खरी कला, असं काहीतरी, तुम्हाला आवडलं असतं. आता मी ठरवलं की पहिला आपण झोपायचं, म्हणजे बाकीच्यांची भीती जाते. कॉलेज शिकलेल्याने नाही तर कुणी करायचं? खरं सांगायचं तर सुषमा नावं लिहून घ्यायला बसली होती. ते असो. रक्त दिलं, बाटली भरली, उठलो, दोन पावलं चाललो... आणि डोळे उघडले तेव्हा डोकं योगेंद्रच्या मांडीवर. तो मला वारा घालतोय आणि बिस्कीट भरवतोय! तेही बुडवून, लहान मुलाला भरवतात तसं. वर म्हणतो कसा, ‘सकाळी काही खाल्लं नव्हतं का रे?’ इतक्या मायेने विचारलं, काका, की मला त्याला मारावंसं वाटलं. — हसू नका. डोळे हसतायत तुमचे, मला दिसतंय.

गुरुवारी, म्हणजे काल, नाटकाची तालीम. हौशी स्पर्धेचं नाटक, गिरणी बंद पडते त्यावरचं. निवडलं मी, हाताने प्रती मी लिहिल्या, सुषमाला बायकोचं काम मी मिळवून दिलं, आणि नायक कोण? मी नाही. का, तर माझ्या बोलण्यात खानदेश डोकावतो. नायक यंत्रमागावर काम करणारा आहे हो! त्याच्या बोलण्यात खानदेश नाही डोकावणार तर काय पुणं डोकावणार? पण दिग्दर्शक म्हणाले, योगेंद्रचे उच्चार स्वच्छ आहेत. स्वच्छ! मी पडद्यामागून वाक्यं सांगायला. तिसऱ्या प्रवेशात तो तिचा हात धरतो. तालमीत धरायची गरज नसते, हे कुठल्याही नटाला माहीत असतं. त्याने धरला. मग मी एक वाक्य मुद्दाम उशिरा सांगितलं, तर याने स्वतःच्या मनाचं घातलं, आणि ते मूळ वाक्यापेक्षा — बरं होतं. काय करायचं अशा माणसाचं?

काय? बोट का नाचवताय? — राहिला? कोणता राहिला? बुधवार? एक दिवस सुटू देणार नाही तुम्ही. अहो, बुधवारी काही नव्हतंच, नागपंचमी होती, बायका झोक्यांवर, पोरं रिकामी, तालीम बंद, कार्यक्रम कुठला... 

थांबलात का? काका? — हात का थांबला? मनगट सोडा, दुखतंय. डाव्या हातात किती जोर आहे हो तुमच्या... नाही, तुम्ही मनात धरताय तसं काही नाही. परवाची नागपंचमी, मग शुक्रवार, शनिवार... हो. हो, काका. नागपंचमीनंतरचा रविवार, तुमच्या सत्काराचा. तोच. 

तुम्ही जालन्याचे असलात तरी नवागाममध्ये आयुष्य गेलं, तुम्हाला कोण फसवणार. खाटेवर पडून तारीखवार विसरला असाल असं वाटलं मला. बरोबर, कानबाईचा रविवार. आमच्या अर्ध्या नवागामला कुलूप, शनिवारपासून भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि जे गावी जात नाहीत ते आपापल्या घरी — कानबाई बसवायची, नारळाला नथ घालायची, रात्रभर जागायचं, सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची. भावकी सोडून उंबऱ्याबाहेर कोण पडतंय त्या दिवशी? तुमच्याच कार्यक्रमाला काय, प्रत्यक्ष देव उतरला तरी नाही पडणार. तुम्हाला तर पक्कं ठाऊक. वर्षभर नवागाममधल्या कुठल्याही घरात तुमचं ताट, पण त्या एका दिवशी रोटाचा तुकडा नाही, कारण कानबाईच्या प्रसादाचा रोट भावकीबाहेर देत नाहीत. तुम्ही त्या दिवशी एकटेच तबल्याला शाई लावत बसायचात आणि मी आईला चोरून... आणला होता ना एकदा? तुम्ही खाल्ला नाहीत. म्हणालात, नेमाचं आहे, परत ठेव.

मी तारीख ठरवली नाही! हे आधी ऐकून घ्या. योगेंद्रने ठरवली. तिकडच्या माणसाला कानबाई काय माहीत? त्याने बैठकीत उभं राहून जाहीर केलं — स्टेशनकडचा हॉल मिळतोय, रविवार संध्याकाळ, रामदासकाकांचा सत्कार आणि उपचारासाठी मदत, सगळे शिष्य वाजवणार, कुणाची अडचण? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तारखा मी बघतो ना. कुणाची कुठली पाळी, कुठला बाजार, कुठला सण, हे कुंदन बघतो, मग बाकीचे माना हलवतात, अशी आपल्या मंडळाची रीत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी — मी पंख्याकडे बघत होतो. एवढंच. काही बोललो नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही. त्यांना वाटलं, कुंदनने विचार केला असेल.

मग एकेक जण नाक्यावर गाठायला लागला. ‘आमना घर कानबाई शे ना भो, कसं येसूत?’ साहेबाला तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणायचं नाही, मला येऊन सांगायचे. मी म्हणायचो, तिकीट घ्या, काकांना मदत होईल, तुम्ही एक जण नाही आलात तर काय बिघडतं, बाकी सगळे आहेत. सगळ्यांना तेच सांगितलं. तिकिटं संपली. योगेंद्र किती खूश आहे! जादा खुर्च्या सांगितल्यायत त्याने.

मला फक्त एवढंच हवं होतं, काका — की त्याने एकदा त्या झुळझुळीत कुडत्यात माईकसमोर उभं राहावं, ‘रसिकहो’ म्हणावं, आणि समोर खुर्च्या. नुसत्या खुर्च्या. सुषमाने बघावं. सुकदेवभाऊंनी बघावं. आणि मग मी पुढे होणार होतो, पुढचा रविवार हॉल मोकळा आहे, मी विचारून ठेवलंय, म्हणणार होतो मंडळी, साहेब नवे आहेत, चूक झाली, आठ दिवसांनी करू, मी करतो सगळं. आणि भरला असता हॉल! खचाखच! तुमच्यासाठी भरला असता —

असं बघू नका. माहीत आहे, पहिल्या रविवारीही तुम्हीच तिथे असणार होतात. सरलाताईंनी धोतर धुऊन ठेवलंय, बघितलं मी, दोरीवर आहे. तुम्हीच शिकवलंत, समोर माणूस नसला तर तबला म्हणजे लाकूड आणि कातडं. मला वाटलं होतं, तुमच्या ध्यानात येईपर्यंत... खुर्चीवर मागच्या बाजूला बसवू, दिसणार नाही नीट... नाही, हेही खरं नाही. मी तुमचा विचारच बाजूला ठेवला होता. त्याचाच करत होतो. सकाळ-संध्याकाळ त्याचाच. इतका तर सुषमाचाही नाही केला.

आणि हे कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. अजूनही नाही. तुम्हाला बोलून गेलो म्हणून काय झालं, तुम्ही थोडेच कुणाला सांगणार आहात, तुम्हाला तर —

...

तसं नव्हतं म्हणायचं मला. काका. शपथ. तोंडातून गेलं.

काय? पाणी? — एक. ताईंना बोलवू? — एक. मग हात तिकडे का? दाराकडे? मी जाऊ? — दोन. त्याच्याकडे? — दोन. जातो ना, सांगतो त्याला, उद्या सकाळीच — एक. आज? आत्ता? — दोन. चहा तरी... बरं, जातो. सांगतो की माझ्या लक्षात राहिलं नाही, सणाचं विसरलो — एक. एक काय? खरं सांगू? सगळं? सुषमाही असेल तिथे, शुक्रवारी त्यांचं वाचन असतं. — दोन. दोनच वाजवताय. बरं. सगळं सांगतो. पुढच्या रविवारी हॉल त्याच्या नावाने घ्यायला लावतो, माईकही त्यालाच देतो, झालं? म्हणू दे रसिकहो. मी खुर्च्या लावीन.

निघतो. ताई, चहा नको, काम निघालं. — तर काका, शुक्रवारी येतो नेहमीसारखा. येऊ ना? आठवडा सांगायला?

काका, येऊ ना?

अहो, तो रेडिओ कशाला लावताय, असू द्या. आधी टिचकी वाजवा. दोन नाही तर नाही. एक तरी वाजवा.