दहापैकी साडेसहा

…नाही काकू, पहिलं बरोबर होतं, दुसरं खोडा. उच्चार एकच, म्हणून तर घोळ होतो. स्टेशनरी आणि स्टेशनरी — जागची हलत नाही तिच्यात ए, कागद-लखोट्यांची असते तिच्यात ई, एन्व्हलपचा ई. एवढं धरून ठेवा, मग नातीची काय बिशाद तुमच्या मेसेजला हसायची! — थांबा हं, फोन बघते. नाही, काही नाही. — आता देअर. या तीन आहेत. घरात तीन जावा असतात ना, 'वहिनी' म्हटलं की तिघी वळतात, तसं. माझ्या नवऱ्यालाही जमत नाहीत या, पत्रात सगळीकडे एकच घातली होती. कसलं पत्र? अहो, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा पाठवलेलं. बायको इंग्लिश शिकवते म्हणून इंग्लिशमधून. चार पानं! समोर असले की 'मीठ दे'च्या पलीकडे शब्द फुटत नाही, आणि पत्रात मात्र — जाऊ दे. तुम्ही लिहा.

मी काय केलं? तपासलं. हसू नका. वह्यांचा गठ्ठा समोर, लाल पेन हातात — चुकांना गोल केले, समासात बरोबर शब्द लिहिले, खाली दहापैकी साडेसहा, 'प्रगती आहे', आणि सही. सवय हो, दुसरं काय! ठेवलंही वह्यांतच. आज सकाळी त्यांना सापडलं. चारही पानं वाचली, घडी घातली, ओट्यावर ठेवली, नि डबा न घेता गेले. तीनदा फोन केला, उचलत नाहीत. सासूबाई म्हणतात, "चिडला असता तर बरं होतं गं, गप्प बसला की आठ-आठ दिवस बसतो तो."

सवय म्हटलं ना मी — खोटं आहे ते. असल्या पत्राला उत्तर काय देतात, मला कोणी शिकवलंय? रोज लिहायला बसायचे, रोज फाडायचे. शेवटी लाल पेन घेतलं, तेवढंच येतं मला. आणि पहिल्यांदा वाचलं ना काकू, माहेरच्या गच्चीत उभ्या उभ्या — तेव्हा एकही चूक दिसली नव्हती मला. एकही.

उठा. नाही, वही मिटा, आज पुरे. त्यांचं ऑफिस सुटायला अर्धा तास आहे, रिक्षा मिळाली तर दारातच गाठेन. काय सांगणार? — नका, तुम्ही काही सुचवू नका, तेही तपासत बसेन मी. जा काकू, जा आता.