गॉगलखालचे डोळे

गौतमी दहावीच्या फॉर्मला लागणारा फोटो काढायला पिरंगुटच्या स्टुडिओत आली होती. आरशापुढं केसांची बट चारदा बसवून झाली, तरी तिचा नंबर काही लागेना. कॉम्प्युटरपाशी सुलाबाई बसल्या होत्या आणि स्टुडिओवाला कैलास अपघातात गेलेल्या त्यांच्या मुलाचा, हर्षदचा, दहाव्याचा बॅनर बनवत होता.

"मावशी, गेल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचाच फोटो घेतलाय. केक पुसला, मागं ढग टाकले."

"आरं, पन त्यो इतका गोरा कवा हुता?"

"फिल्टर हाय त्यो. काढतो. आता बघा."

"हां, ह्यो माझा हर्षद. पन काळा गॉगल? दहाव्याला गॉगल घालून बसवायचा व्हय त्याला?"

"सगळ्याच फोटोत गॉगल हाय. आधार कार्डावरचा मोठा केला तर नुसते ठिपके दिसत्यात."

"मग गॉगल बी पूस की."

"पुसला तर खाली डोळेच न्हाईत, मावशी. दुसऱ्या कुणाचे तरी लावून मिसळावे लागतील. माझ्याकडं एका नवरदेवाचे हायेत. लावू?"

"परक्याचे? मग त्यो माझा कसा ऱ्हाईल रं?"

"मग कुणाचे लावू?"

"माझे घे. सगळं गाव म्हनायचं, पोराचं डोळं आईवर गेल्यात."

कैलासनं कॅमेरा उचलला. गौतमीनं आरशापुढचं स्टूल सुलाबाईंकडं सरकवलं.

"हितं बघा, मावशी. जरा दम धरा. पाणी आलं की डोळे लाल येत्यात फोटोत."

"यिऊ दे. तू काढ. गोरं कराया फिल्टर हाय तुझ्याकडं, मग एवढं पुसाया न्हाई व्हय?"