दार नसलेल्या गच्चीवरचे घोरणे

माझे संपूर्ण नाव बिरुदेव मायाप्पा कोळेकर, वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढचे शिक्षण मी वाचनालयात स्वतः घेतले. म्हणूनच, पुस्तक उघडताच डोळा लागू लागला, तेव्हा मी घाबरून सोलापुरातल्या दवाखान्यात गेलो.

झोपेत श्वास अडतो का, हे ताडण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी प्रश्नावली दिली. मी ती विचारपूर्वक भरली.

“आजोबा, बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके घोरता का, याला ‘नाही’?”

“आम्ही गच्चीवर झोपतो, बाई. तेथे दारच नाही.”

“आणि झोपेत श्वास थांबतो का, यालाही?”

“झोपलेला मनुष्य स्वतःचा साक्षीदार कसा होईल? जे पाहिले नाही, त्याला मी होय म्हणत नाही.”

शेजारी बसलेली आमची सौभाग्यवती उसळली. “दार न्हाय म्हणून तर आख्खी गल्ली ऐकती की! पर घोरण्याचं काय न्हाय, बाई. त्ये एकदम थांबतं, तवा मला लई भ्या वाटतं. मग मी कोपरानं ढोसते, तवा कुटं श्वास घेत्यात.”

“रोज?”

“व्हय की. ह्यांना वाटतं, म्हातारी झोपेत हातपाय झाडती.”

मला खरोखरच तसे वाटत असे.

डॉक्टरीणबाईंनी नवी प्रश्नावली काढली. सौभाग्यवतीला वाचता येत नाही. म्हणून प्रश्न मी वाचले आणि उत्तरे तिने दिली.

पुढे तपासणी होऊन आजार निश्चित झाला. आता मी श्वास अडू न देणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपतो, दुपारी सलग वाचतो, आणि ती रात्रभर झोपते.