गुरूच्या चंद्राचं अर्धं कुंपण

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघत बसलेल्या दैवशालाबाईंना मागच्या बाकावरच्या आजोबा-नातीचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण बाकही सोडवत नव्हता.

“शिवांजली, उद्या तामलवाडीचं पावनं तुला बघाया यायलेत अन् तू पुण्याला निघालीस?”

“आबा, उद्याच मुलाखत आहे. संशोधनाची. गुरू ग्रहाच्या एका चंद्राला दोन्ही टोकांवर बर्फाच्या टोप्या आहेत, त्यावर.”

“टोप्या? कुणी घातल्या त्याला?”

“कुणी नाही. त्या चंद्राच्या पोटात चुंबक आहे. गुरूकडनं बारीक कणांचा मारा होतो, तो मधल्या भागावर चुंबक अडवतो. टोकं उघडीच. तिथं मार बसला की बर्फाचे कण उडतात अन् गार जागा बघून परत बसतात. त्याचीच पांढरी टोपी होते.”

“थांब. मधी कुंपण अन् दोन्ही टोकं उघडी?”

“तसंच म्हणा.”

“मंग रानडुकरावानी शिरनारच की! कवापासनं?”

“कोट्यवधी वर्षं झाली.”

“अन् कुनाचं ध्यान न्हाय? काय मानसं हायेत!”

आबांनी खिशातला फोन काढून कानाला लावला.

“पावनं, लिंबाजी बोलतो. उद्या येऊ नगा. पोरगी कुंपनाच्या कामाला चालली… न्हाय हो, आमच्या रानात न्हाय, गुरूच्या… कोन गुरुजी त्ये तिलाच ठावं. पन दोन्ही टोकं उघडी पडलीत, तिला गेलंच पायजे.”